तीन वाव दोर

करिश्मा लेकीला घेऊन माहेराहून आली, त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी सासूनं दोर कापला.

तामलवाडीला आईकडं बाळंतपण उरकून, अंगावरचं पाच महिन्यांचं लेकरू घेऊन ती येरमाळ्याच्या माळावरल्या वस्तीवर परतली होती. लेकीचं नाव कागदावर ईश्वरी. आजीनं मात्र गाडीतून उतरल्या उतरल्या तिला येडाई देवीच्या नावानं येडू करून टाकलं. करिश्माला ते आधी खटकलं. मग आजीच्या तोंडून चार वेळा ऐकल्यावर तिच्याही जिभेवर तेच येऊन बसलं.

"लेकरू या घरात पहिल्यांदा झोळीत निजायलंय," म्हाळसाबाई म्हणाल्या. "झोळीला बापाचा दोर पायजे."

ती त्या घराची रीत होती. मेंढरांमागं हिंडणारं घराणं. बाप आठ-आठ महिने परमुलखात. म्हणून त्याच्या कामाच्या दोराचा तुकडा झोळीला लावायचा. बाप लांब असला तरी लेकरू त्याच्याच हातात झुलतंय, असं समजायचं. सिद्धाराम लहानपणी ज्या झोळीत निजला, तिला त्याच्या वडिलांचा, धुळाप्पांचा, मेंढरं कोंडायच्या जाळीचा दोर होता. आता धुळाप्पा नाहीत, मेंढरंही नाहीत. सिद्धाराम झाडांवर चढतो. एका संस्थेनं गावोगावच्या जुन्या वनराया सुधारायला घेतल्यात, तिथं वाळक्या फांद्या उतरवायचं काम. फांद्या उतरल्या की खाली बाया येऊन नवी रोपं लावतात. त्यासाठी त्याला शिकवणीला पाठवलं होतं. तिथून तो हेल्मेट, कानांवर बसवायच्या वाट्या, कमरेचा-मांड्यांचा पट्टा आणि एक लांबलचक दोर घेऊन आला होता. पांढरा दोर, त्यात निळी नक्षी. खुंटीवर असा टांगलेला असायचा, जसा काही घरातला मोठा दागिना.

"आत्याबाई, कामाचा दोर हाय न्हवं त्यो?" करिश्मानं विचारलं होतं.

"मग? बिनकामाचा कशाला पायजे?"

"ते चिडतील."

"चिडू दे. एवढी मोठी वेटोळी हाय. शेंडा तेवढा घेते. शेरडाच्या शेपटाएवढा."

सिद्धाराम तेव्हा फांद्या कापायच्या मशीनच्या पेट्रोलसाठी फाट्यावर गेला होता. लाईट नव्हती. करिश्मानं मोबाईलची बॅटरी धरली आणि म्हाळसाबाईंनी दोन्ही हात पसरून दोर छातीवरून मोजला. एक वाव, दोन वाव, तीन वाव. शेरडाचं शेपूट बरंच लांब निघालं. मग दगडावर धरून कोयत्यानं कचकन तोडला. दोराच्या टोकाला एक गच्च गाठ होती, लाल पट्टी गुंडाळलेली. "लेकराच्या झोळीला ही परकी गाठ नगं," म्हणत त्यांनी तीही छाटली आणि दाराबाहेर भिरकावली. दोर लेकराला टोचू नये म्हणून जुन्या लुगड्याच्या चिंध्या त्यावर गुंडाळल्या. उरलेली वेटोळी होती तशी खुंटीवर गेली.

सिद्धाराम आला तेव्हा येडू झोळीत निजली होती. तो किती तरी वेळ तिथंच उभा राहिला. झोका देऊ का नको, असं विचारल्यासारखा. करिश्मा त्याला दोराचं सांगणार होती. पण लेकीनं मध्येच तोंड उघडलं, तिला पाजता पाजता करिश्माचाच डोळा लागला, आणि सकाळी जाग आली तेव्हा खुंटी रिकामी होती.

अंगण झाडता झाडता तिला ती गाठ सापडली.

चुलीच्या लाकडांपाशी पडली होती, मुठीएवढी. करिश्मानं ती उचलली आणि लाकडांवर टाकायला हात मागं नेला. हात तसाच राहिला. लाल पट्टी. ही लाल पट्टी तिनं ऐकली होती.

शिकवणीतून सिद्धाराम तिला रोज फोन करायचा. ती माहेरी, पोटुशी, पाय सुजलेले. तो सांगायचा, आज काय शिकलो ते. "दोर वरच्या फांदीवरून घ्यायचा. एक टोक माझ्या कमरेला, दुसरं मोकळं, खाली लोंबतं. माझ्या पट्ट्यापाशी एक चाप असतोय, त्यातनं त्यो दोर जातोय. चाप दाबला की मी खाली सरकतो, सोडला की थांबतो."

"आन् दोर संपला तर?" तिनं उगीच विचारलं होतं. आईनं केलेला डिंकाचा लाडू तेव्हा तिच्या तोंडात होता.

"म्हणून तर टोकाला गाठ. लाल पट्टी लावल्याली. चाप तिथं अडकतोय. गाठ नसली तर दोर चापातनं सुटतोय."

"मग?"

"मग काय. मग उडायचं शिकावं लागंल."

ती हसली होती. लाडू खात हसली होती.

करिश्मानं झाडणी टाकली आणि फोन उचलला. रिंग वाजत राहिली. तिला ठाऊक होतं, तो फोन पिशवीत ठेवून वर चढतो. खिशात काही ठेवायचं नाही, असा त्यांचा नियम. तिनं पुन्हा लावला. पुन्हा. खाली थांबणारा माणूस म्हणजे बब्रुवान. त्याचा नंबर तिच्याकडं नव्हता.

"आत्याबाई!"

म्हाळसाबाई भाकरी थापत होत्या. करिश्मानं गाठ पुढं धरली आणि जे ऐकलं होतं ते एका दमात सांगितलं. सासूनं आधी तोंड वाकडं केलं.

"आगं, एवढाल्या दोरात शेंडा कापला तर काय माणूस पडतो व्हय? खालीच कळंल की त्याला, दोर पुरंना म्हणून."

"खाली पुरंल. वर गेल्यावर ते दोर आनखी वरच्या फांदीला घेतेत. तवा टोक जमिनीपासनं उचलतंय. त्यास्नी वाटंल टोकाला गाठ हायच."

म्हाळसाबाईंचा हात परातीत थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी त्यांनी ती उलथली नाही.

"उत्तरेश्वराची गाडी गेली का?" त्या म्हणाल्या, आणि पिठाच्या हातानंच उठल्या.

उत्तरेश्वर शेजारच्या वस्तीवरचा. डेअरीला दूध घालून रिकामी पिकअप घेऊन परतत होता. दोघी बाया रस्त्याच्या मधोमध उभ्या पाहून त्यानं कच्चकन ब्रेक दाबला.

"काकू, मरायचं आसंल तर दुसरी गाडी बघा. माझा इन्शुरन्स संपलाय."

करिश्मा लेकीला छातीशी धरून पुढं चढली, तिच्या बाजूला सासू. वनराईचं नाव ऐकल्यावर त्यानं लगेच गाडी वळवली. हायवेला लागेपर्यंत तो गप्प राहिला. त्यापुढं त्याला ते जमेना.

"काळजी करू नगा वैनी. सिद्धारामाचं काम पक्कं हाय. आमच्या मेव्हण्याच्या गावात एकजण नारळावरनं पडला, पण त्याच्याकडं पट्टाबिट्टा काय नव्हता. नुसता चढला हुता. त्याचं..."

"उत्तरेश्वर," म्हाळसाबाई म्हणाल्या. "गाडी हाण."

करिश्मा फोन कानाला लावून होती. रिंग वाजायची, बंद व्हायची, ती पुन्हा लावायची. त्या रिंगेत तिला पिशवी दिसायची, झाडाच्या बुंध्याशी ठेवलेली, आत फोन थरथरतोय आणि वर कोणालाच पत्ता नाही. कधी कधी तर तिला वाटे की रिंग वाजत राहतेय तेच बरं आहे. कोणी उचलला, आणि तो सिद्धारामचा आवाज नसला, तर?

येडू जागी झाली आणि तिनं आईच्या गळ्यातली पोत मुठीत धरून ओढली. करिश्मानं ती मूठ सोडवली नाही. पोत मानेत रुतू लागली तरी तिनं तशीच राहू दिली. लेकराच्या मुठीत काही तरी घट्ट धरलेलं असू दे, एवढंच तिला वाटत होतं.

सासू शेजारी बसलेली, हातावरचं पीठ वाळून पापुद्रे निघालेले. ती एकच म्हणाली, तेही काचेकडं बघत. "दोर म्या मोजला. शेपटाएवढा म्हणले आन् तीन वाव मोजला. हावरेपणा केला."

"बॅटरी म्या धरली हुती," करिश्मा म्हणाली.



वनराई ओढ्याच्या कडेनं पसरलेली. उंच निलगिरी, मधे दोन-तीन जुनी सावरीची झाडं, खाली घाणेरीची दाट झुडपं. रोपं लावायचे खड्डे आधीच घेऊन ठेवलेले, ओळीनं, तोंड वासून. गाडी थांबायच्या आधीच करिश्माला मशीनचा आवाज ऐकू आला. वरून. म्हणजे तो अजून वर होता. म्हणजे जिवंत होता. आणि मग लगेच दुसरी भीती उभी राहिली: तो वर आहे, म्हणजे त्याला अजून उतरायचंय.

सगळ्यात उंच सावरीभोवती लाल-पांढरी पट्टी ताणलेली होती. पट्टीच्या बाहेर हेल्मेट घातलेला, गळ्यात शिट्टी अडकवलेला बब्रुवान दोन्ही हात पसरून आडवा आला.

"वैनी, आत न्हाय. फांदी पडायलीय. मावशी, तुमीबी मागं व्हा. सिधानं सांगितलंय, देव आला तरी आत सोडायचा न्हाय."

"दोर आखूड हाय," करिश्मा म्हणाली. "टोकाची गाठ कापल्याली हाय. तीन वाव कमी हाय. बघा तुमी, टोक कुठं हाय बघा."

बब्रुवानला आधी कळलंच नाही. मग त्यानं वर बघितलं, आणि दोराच्या मागं मागं नजर खाली आणली. पांढरा दोर घाणेरीच्या झुडपाआड जात होता. इथून पाहिलं तर तो जमिनीला टेकलाय असंच वाटत होतं. तो वाकून बाजूला गेला, झुडपाच्या मागून बघून आला. परत आला तेव्हा त्याच्या ओठांतली तंबाखू तशीच होती आणि ओठ पांढरे पडले होते.

"झुडपाच्याबी वर हाय," तो म्हणाला. "माझा हातसुदिक पुरत न्हाय. आन् टोक नुसतं हाय."

करिश्मानं वर बघितलं. इतक्या उंचावर तिचा नवरा एवढासा दिसत होता. केशरी हेल्मेट, तोंडावर जाळी, कानांवर वाट्या. मशीन फांदीत घुसलेलं, भुसा उन्हात उडत होता. तिनं तोंड उघडलं.

"वरडू नगा!" बब्रुवाननं तिच्यापुढं हात धरला. "मशीन चालू हाय. दचकला आन् हात हुकला तर दोर हाय का न्हाय याचा इचारच करायला नगं. मशीन बंद झालं की मी शिट्टी मारतो. तवर थांबायचं."

थांबायचं. करिश्मानं येडूला छातीशी आवळलं. तिनं आपला श्वास मशीनच्या आवाजाला बांधला. ते चालू आहे तोवर तो उतरत नाही. चालू राहू दे. आणि दुसऱ्या क्षणी: बंद होऊ दे. फांदी कडकडली, वाकली आणि सगळा उजेड झाकत खाली आली. धूळ उसळली. येडू घाबरून रडायला लागली.

मशीन बंद झालं.

बब्रुवाननं शिट्टी फुंकली. एकदा, दोनदा, गाल फुगवून. वारा ओढ्याकडून वाहत होता. शिट्टी माळाकडं निघून गेली. सिद्धारामनं मशीन कमरेच्या कडीला अडकवलं. कानांवरच्या वाट्या त्यानं काढल्याच नाहीत. पायानं खोडाला रेटा दिला, चाप दाबला आणि सरकन खाली आला. एकदा थांबला. कापलेल्या बुडख्याकडं वर बघितलं. पुन्हा सरकला.

"अहो!" करिश्मा ओरडली. "अहो, थांबा!"

तो वर बघत होता. वरची कुठली फांदी लटकलेली राहिली नाही ना, हेच. खाली बघायचं त्याला काही कारणच नव्हतं. खाली जमीन असते, ती येते. दोराचं टोक झुडपाच्या डोक्यावर हलत होतं, आणि तो जितका खाली येत होता तितका चाप त्या टोकाकडं सरकत होता. दोन मजली घराएवढी उंची राहिली असेल. दोर त्याच्या पायांखाली आता थोडाच उरला होता. बब्रुवान हात हलवत बुंध्याकडं धावला. करिश्मा पट्टीवर जाऊन आपटली. ती तुटली का तिच्याच अंगाला गुंडाळली हे तिला कळलं नाही. हातात लेकरू. हात मोकळा नाही. तिला वाटलं आपण त्याच्या खाली जाऊन उभं राहावं. त्याचं काय होणार होतं त्यातून, हे तिला विचारू नका.

तिच्या कानाजवळून काही तरी सणसणत गेलं.

एक ढेकूळ. सिद्धारामच्या डोक्यापासून वीतभर वर ते खोडावर फुटलं आणि माती त्याच्या तोंडावरच्या जाळीवर सांडली.

तो थांबला. चापावरचा हात सुटला होता.

करिश्मानं मागं बघितलं. म्हाळसाबाईंचा पदर खाली लोळत होता, उजवा हात अजून पुढं ताणलेला. जन्मभर मेंढरं राखलेली बाई. पुढं निघालेलं जनावर वळवायचं तर त्याच्या अंगावर मारायचं नसतं; त्याच्या तोंडापुढं ढेकूळ टाकायचं, म्हणजे ते जागीच थबकतं. दुसरं ढेकूळ त्यांच्या डाव्या हातात तयार होतं.

सिद्धारामनं खाली बघितलं. आई, बायको, रडणारं लेकरू, बुंध्याशी दोन्ही हात हलवणारा बब्रुवान. त्यानं कानांवरची एक वाटी वर सरकवली.

"दोर बघ!" बब्रुवान ओरडला. "टोक बघ तुझं! गाठ न्हाय!"

त्यानं बघितलं. खालून करिश्माला त्याचा चेहरा दिसला नाही, फक्त इतकं दिसलं की तो अजिबात हलेनासा झाला. झाडालाच एक गाठ आली असावी तसा. चापाखाली दोर हातभर उरला होता, फार तर दीड हात.

मग त्यानं फार हळू, चापाला न शिवता, कमरेचा दुसरा पट्टा सोडवला आणि खोडाभोवतून फेकला. पहिल्यांदा तो पलीकडून हाती आला नाही. दुसऱ्यांदा आला. कडी लागल्याचा आवाज खालीसुद्धा ऐकू आला. वनराईत तेव्हा दुसरा आवाजच नव्हता. येडूही कशी कोण जाणे गप्प झाली होती.

पण तेवढ्यानं संपलं नव्हतं. त्या पट्ट्यानं माणूस झाडाला धरून राहतो, उतरत नाही. त्याला दोर वरून ओढून घ्यायचा होता, हाताशी असलेल्या खालच्या फांदीवरून पुन्हा टाकायचा होता, आणि तेवढा वेळ त्या एका पट्ट्यावर टेकून, सावरीच्या काट्यांत पाय रोवून उभं राहायचं होतं. दोर सुटून खाली लोंबला तेव्हा करिश्मानं डोळे मिटले. मिटल्यावर जास्तच दिसायला लागलं, म्हणून उघडले. म्हाळसाबाई काही तरी पुटपुटत होत्या. करिश्माला वाटलं येडाईचा धावा असेल. कान दिला तर त्या म्हणत होत्या, "दमानं... दमानं रं... हां... आता उजवा पाय..." त्याला चालायला शिकवताना म्हणाल्या असतील तसंच.

या वेळी दोराचं मोकळं टोक जमिनीवर पडलं. बब्रुवाननं ते धावत जाऊन हातात धरलं, त्याला स्वतःच गच्च गाठ मारली, आणि सिद्धारामचे पाय जमिनीला लागेपर्यंत ते सोडलं नाही.

सिद्धारामनं हेल्मेट काढलं. केस घामानं चिकटलेले, कपाळावर मातीचा ओघळ. तो आधी आईकडं वळला.

"म्या कापला," म्हाळसाबाई म्हणाल्या. "झोळीसाठी. म्या कापला, बाबा."

"दोर रोज सगळा हातातनं घालून बघायचा असतोय," तो म्हणाला. "सकाळी बघितला न्हाय मी. येडू झोपेत हसायली हुती. तिच्याकडंच बघत बसलो. मग उशीर झाला." मग तो म्हणाला, "तुझा नेम अजून बरा हाय, आये."

"बरा कुठला. वीतभर चुकला. तुझ्या टाळक्यावरच घालायला पायजे हुता," म्हाळसाबाई म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या.

बब्रुवान मोठ्यानं हसला, गरजेपेक्षा फार मोठ्यानं, आणि तोंड पुसायला पलीकडं वळला.

सिद्धाराम करिश्मापाशी आला. हातमोजे काढून त्यानं खिशात कोंबले आणि लेकीला घ्यायला दोन्ही हात पुढं केले. येडूनंही त्याच्याकडं अंग टाकलं.

करिश्मानं तिला सोडलं नाही.

त्याचे हात थरथरत होते. बोटांपासून कोपरापर्यंत, पाणी उकळायच्या आधी भांडं थरथरतं तसे. त्याला ते ठाऊकच नव्हतं. तिच्या नजरेमागं जाऊन त्यानंही आपल्या हातांकडं बघितलं, दुसऱ्या कोणाचे असावेत तसं, आणि ते मागं घेऊ लागला.

"आसू द्या," ती म्हणाली. "बसा आधी."

तो बसला, तिथंच, फुटलेल्या फांदीच्या काटक्यांत. ती त्याला खेटून बसली. लेकीला तिनं आपल्याच मांडीवर ठेवलं, आणि मोकळ्या हातानं त्याचे दोन्ही हात धरले. ते थांबेनात. तिनं जास्त घट्ट धरले. मग तिच्या ध्यानात आलं की थरथरणारे हात नुसते त्याचे नाहीत, तिचेही आहेत, आणि कोणाचे कोणते हे आता सांगता येणार नाही. येडू वाकून त्या सगळ्या बोटांमधलं एक बोट पकडायला बघत होती. ते सारखं तिच्या मुठीतून निसटत होतं, आणि तिला त्याची मोठी मजा वाटत होती.

लांबून उत्तरेश्वरनं गाडीचा हॉर्न एकदा वाजवला, निघायचं का, असं विचारल्यासारखा. कोणीच उठलं नाही. त्यानं पुन्हा वाजवला नाही.